काकांच्या रेडिओतली वेगळी चूल

माझे थोरले काका रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मधलं दार लावलेलं मी कधी पाहिलं नाही, त्यामुळे तापलेल्या सोल्डरचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. काका महाअबोल. तोंडातून शब्द निघालाच तर हरवलेला स्क्रू शोधताना, आणि तोही चारचौघांत सांगण्यासारखा नसे. सुट्टीतल्या माझ्या दुपारी त्या टेबलाखाली गेल्या. तशा दुपारी पुन्हा वाट्याला आल्या नाहीत, आठवलं की अजून हुरहूर लागते.

मग रेडिओ गेले, दुकान गेलं आणि पाठोपाठ काकूची दृष्टी गेली. काका हातपाय गाळून बसणारे नव्हते. त्यांनी तळहाताएवढा कॉम्प्युटर आणला, एका जुन्या लाकडी रेडिओच्या पोटात बसवला आणि बटण फिरवलं की जपून ठेवलेली गाणी लागतील अशी सोय केली. बटणाचा प्रोग्राम एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहून दिला होता. काकूची अख्खी दुपार त्या बटणावर निघायची.

सगळं सुरळीत चालू असताना काकांना दुर्बुद्धी सुचली. रेडिओवाल्यांचा नियम असा की एक कंडेन्सर गेला की त्याच्या वयाचे सगळे बदलायचे. इथे तर एकही गेला नव्हता. काकांनी कॉम्प्युटरला पडदा जोडला, त्यावर एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामला लागणारा तयार तुकडा, जुनं झाल्याची सूचना वाचली आणि आतली सगळीच्या सगळी पॅकेजेस नवी करून टाकली. रेडिओ मुका झाला. फोनवर मला म्हणाले, "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ये लवकर, तुझी काकू नुसतीच बटण फिरवत बसलीये."

मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामच लिहिते, त्यामुळे दुखणं लगेच कळलं. आवाज वाजवणारं पॅकेज नवं झालं होतं आणि बटणाच्या प्रोग्रामला जुनंच हवं होतं. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. मी जुना प्रोग्राम काढला आणि छोटासा नवा लिहून टाकला. गाणी खणखणीत वाजली. काका खूश झाले.

काकूने बटण फिरवलं. एक गाणं, मग दुसरं. तिने हात काढून घेतला आणि म्हणाली, हा बंदच आहे.

मला रागच आला. गाणी वाजतायत, आणखी काय हवं? खोदून विचारलं तेव्हा कळलं, मधली खरखर गेली होती. जुन्या प्रोग्रामात दोन गाण्यांच्या मधे स्टेशन शोधतानाची खरखर ऐकू यायची. नव्यात ती नव्हती.

मग पुन्हा बसलो. जुना प्रोग्राम परत घातला, तर तो रुसला. त्याला हवं ते जुनं पॅकेज दिलं, तर बाकीची पॅकेजेस रुसली. काका चष्मा सावरत पडद्यावरची एकेक तक्रार मोठ्याने वाचत होते, जणू सगळा दोष माझाच. शेवटी मी म्हटलं, एकत्र नांदत नाहीत ना, मग मांडू दे वेगळी चूल. जुन्या प्रोग्रामला त्याच्या जुन्या पॅकेजसकट एक स्वतंत्र कप्पा करून दिला आणि बाकीच्यांना बोटही लावलं नाही.

रेडिओ खरखरला. काकूने बटण फिरवत फिरवत बरोबर दोन गाण्यांच्या मधे आणलं आणि तिथेच सोडून दिलं. काकांना राहवेना. स्टेशन नीट लावावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो तिने धरला.

"राहू द्या. गाणी गिऱ्हाइकांसाठी होती. ही खरखर आली की मला आत कळायचं, तुम्ही दुकानात आहात."

"अगं, आत्ताही मी इथेच आहे की. तुझ्या शेजारी."

"असाल," काकू म्हणाली. "पण तुम्ही बोलत नाही. मला कसं कळणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली, घसा खाकरला, खिडकीबाहेर बघितलं.

"ऊन उतरलंय," ते म्हणाले. "समोरच्यांचे कपडे अजून दोरीवरच आहेत."