बर्फाच्या कारखान्यात बांधलेला कंपायलर

आधी खालाचं सांगतो, बाकीचं मागून. ती नसती तर पुढचं काही घडलंच नसतं आणि हे लिहायला मी रत्नागिरीत नसतो. आमच्या वाशीमकडच्या एखाद्या जिनिंगात कापसाच्या गाठी ओढत असतो. खाला माझ्या नात्यातली कोणी नव्हे. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ तिचा बर्फाचा कारखाना होता. नवरा मस्कतला, कारखाना हिच्या हातात. बोटवाले, टेम्पोवाले, कारखान्यातली माणसं, सगळेच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही. तिनं मला एक टेबल दिलं, जनरेटरवरची एक लाइन दिली, आणि जिथं मी सगळ्यांना 'नववी नापास' म्हणून माहीत होतो तिथं चारचौघांत 'हा माझा कॉम्प्युटरवाला' म्हणून सांगितलं. तिचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर म्हणेल, "मेल्या, मला काय पेपरात घालतोस?"

नववी नापास हे खरंच होतं. शाळा सुटली ती सुटलीच. टेलिफोनच्या केबलीसाठी रस्त्याकडेनं चर खणणाऱ्या टोळीबरोबर मी कोकणात आलो. आमच्याकडच्या काळ्या मातीत कुदळ आपसूक रुतते. इथल्या जांभ्यावर पहार मारली की झिणझिण्या थेट दातांत. टोळी पुढं गोव्याकडे सरकली, मी मागं राहिलो. मिरजोळ्याला एका शेठचं वर्कशॉप होतं, तिथं डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, माणूस हवा होता. स्टॅबिलायझर दुरुस्त करायचे, छोटे बोर्ड जोडायचे. बोर्ड जोडता जोडता तिथल्या कॉम्प्युटरजवळ गेलो, आणि त्याला चालवणारं लिनक्स जे चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

वर्कशॉपची मोठी आशा एका पेटीवर होती. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची टाकी असते, तिच्यात पाण्यानं भरलेले डबे बुडवून लाद्या गोठवतात. त्या टाकीचं तापमान चढलं की मालकाच्या मोबाइलवर मेसेज टाकणारी ही पेटी. शेठनं बंदरावरच्या चार जणांना ती विकली होती, पहिली खालाला. पेटीतला प्रोग्रॅम ज्या इंजिनियरनं लिहिला होता तो बंगलोरला गेला आणि मग लगेच पेट्या गोठायला लागल्या. म्हणजे लाद्या नव्हे, पेट्याच. काही दिवस चालायच्या आणि गप्प व्हायच्या. टाकी गरम झाली तरी मेसेज नाही.

प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे इंजिनियरनं लिहिलेला मूळ मजकूर, आमच्याकडे होता. चूक कुठं आहे हेही मला दिसलं होतं. पण दुरुस्त केलेला प्रोग्रॅम पेटीत घालायचा तर कंपायलर लागतो, माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा. पेटीतली चिप इतकी बारकी की तिच्यावर कंपायलर चालणं अशक्य. मोठ्या कॉम्प्युटरवर बसून त्या बारक्या चिपसाठी काम करणारा खास कंपायलर हवा. तो इंजिनियरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होता, आणि इंजिनियर फोन उचलत नव्हता. सायबर कॅफेतून एक तयार कंपायलर उतरवून आणला. त्यानं केलेला प्रोग्रॅम पेटीत घातला की तापमानाचा पहिला हिशेब आला रे आला, कोसळायचा. आमच्या चिपला दशांशातली आकडेमोड अंगची येत नव्हती. तयार कंपायलर ती येते असं धरून चालला होता.

शेठनं पुण्याच्या बोर्डवाल्यांना विचारलं. तिथून सांगितलं, बोर्डच जुना, सगळं नवीन घ्या. शेठ म्हणाले, "पेट्या परत घेतो आणि धंदा बंद करतो. स्टॅबिलायझर पुरे झाले. तू घरचं तिकीट बघ बाबा."

"शेठ, कंपायलर मी बांधतो."

"तू?"

"सोर्सपासून. फुकट साधन मिळते त्याचं. मी वाचून राहिलो महिनाभर."

शेठ हसले, वाईट हेतूनं नव्हे, पण पोटातून हसले. "अरे, इंजिनियर लोक तयार घेतात, आणि नववी नापास बांधणार!" मी जागेवरून हललो नाही. घरी दादानं जिनिंगात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. फोनवर दर वेळी एकच, "झालं का तुझं कॉम्प्युटर-कॉम्प्युटर?" त्या जागेवर मला बसायचं नव्हतं. ज्याला शाळेनं नाही म्हटलं त्याला सगळ्यांनीच नाही म्हणायचं, हे कोणी ठरवलं? शेठनं पाऊस लागून बोटी वर काढेपर्यंतची मुदत दिली. अट एकच, दिवसा वर्कशॉपचं काम चुकवायचं नाही.

साधन चांगलं होतं. त्याला एक मेनू असतो, त्यातून सांगायचं: चिप कुठली, आकडेमोड चिपनं करायची की सॉफ्टवेअरनं, सी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार तुकड्यांचा साठा, मोठी की छोटी, पेटीतल्या लिनक्सची आवृत्ती कोणती. मग ते सगळा सोर्स उलगडतं, त्यावर दुरुस्त्या चढवतं, आधी एक अर्धाकच्चा कंपायलर बांधतं, त्याच्याकडून लायब्ररी बांधून घेतं आणि त्या लायब्ररीच्या जोरावर पुरा कंपायलर उभा करतं. एक उत्तर चुकलं की अर्धा दिवस पाण्यात. मी प्रत्येक उत्तर तीनदा वाचायचो. दशांशाच्या जागी 'सॉफ्टवेअरनं' निवडलं, लायब्ररी छोटी घेतली, लिनक्सची आवृत्ती पेटी उघडून त्यातूनच वाचून घेतली. उत्तरं बरोबर होती. आजही म्हणतो, उत्तरं बरोबर होती.

अडलं ते विजेवर. ते लोडशेडिंगचे दिवस. मिरजोळ्यात बांधणी मध्यावर आली की लाइट जायची आणि यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेली होती. खालाची पेटी बघायला गेलो तेव्हा तिनंच विचारलं, "काय रे, चेहरा का असा सुकट झालाय?"

मी सांगितलं. तिला कंपायलरचं ओ की ठो कळलं नाही. अर्धा दिवस लाइट हवी, एवढं कळलं.

"लाइट माझ्याकडं हाय. मशीन घेऊन ये."

"शेठ देणार नाहीत."

"शेठला मी सांगते. पेटी माझी बिघडलेली हाय का त्याची?"

बांगड्याच्या रिकाम्या टेम्पोतून कॉम्प्युटर मिरकरवाड्याला आला. तिच्या ऑफिसच्या कोपऱ्यात टेबल लागलं. अमोनियाचा वास, कॉम्प्रेसरची धडधड, क्रशरमध्ये लादी पडली की कानठळ्या. लादी ओढणारी माणसं जाता-येता डोकावायची. "काय रे वऱ्हाडी, गोठला काय तुझा?" "आतून अजून पाणीच हाय त्याचं!" मी म्हणायचो, "होऊन राहिला ना." खाला आतून ओरडायची, "होऊन राहिला म्हणजे काय रे, होणार की राहणार?"

मी येणार जेवणाच्या सुट्टीत आणि वर्कशॉप सुटल्यावर. मधल्या वेळात लाइट गेली, जनरेटरवर घेतलं की त्या उलटसुलट करण्यात कॉम्प्युटर एकदा बंद पडायचाच. त्याचा आतला घड्याळाचा सेल मेलेला होता आणि तो डाग देऊन बसवलेला. शेठच्या एकुलत्या एक मशीनला गरम सोल्डरिंग लावायची माझी हिंमत नव्हती. म्हणून चालू झाला की तो आधी तारीख-वेळ विचारायचा. मी खालाला शिकवलं: ही कळ दाबा, तारीख घाला, वेळ घाला, मग हा एक शब्द टाइप करा, बांधणी पहिल्यापासून लागते. तिला भारी हौस. भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घालायची, चष्मा सावरत एकेक अक्षर दाबायची. कोणी मध्ये आलं तर, "थांब रे, कंपायलर लावत्येय."

आणि बांधणी होईना. पडद्यावर तेच तेच फिरायचं. कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधीची जुळवाजुळव, झालं, पुन्हा कॉन्फिगर, पुन्हा कॉन्फिगर. एक सूचना यायची, घड्याळात फरक दिसतो, बांधणी अर्धवट असू शकते. मी ती सेलच्या नावावर घालून सोडून दिली आणि मेनू उकरत बसलो. बरोबर असलेली उत्तरं बदलली, पुन्हा लावली, पुन्हा बदलली. आभाळ दाटायला लागलं होतं. शेठचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात पेट्या गोळा करतो.

मग सुट्टीत येऊन नेहमीसारखी कॉम्प्युटरची वेळ मोबाइलप्रमाणे मागं घेताना हात थांबला. रोज का मागं घ्यावी लागतेय? भिंतीवर पाहिलं. मोबाइल पाहिला. जवळजवळ तासाचा फरक.

"खाला, तुमचं घड्याळ पुढं आहे."

"हायच. मीच ठेवलंय. हे टेम्पोवाले कधी वेळेवर येतात काय? बोटवाल्यांची तर बातच नको. पुढं ठेवलं की जरा तरी वेळेत येतात."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना! म्हणून तर आणखी पुढं करावं लागतं."

बांधणीचं सगळं काम फायलींच्या वेळेवर चालतं. सोर्स नवा आणि त्यातून केलेली फाइल जुनी दिसली की ते समजतं, हे शिळं झालं, पुन्हा करा. खालाच्या घड्याळावर उलगडलेल्या सोर्सवरच्या दुरुस्त्यांना तासभर पुढची वेळ लागायची. मी येऊन घड्याळ मागं घ्यायचो. मग त्यानंतर केलेली प्रत्येक फाइल सोर्सपेक्षा जुनी ठरायची आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून.

"खाला, आजच्या दिवस तुमचं घड्याळ बरोबर लावू का?"

"हात लावशील तर तोडीन. बोटवाले ऐकतील तर उद्यापासून दुपारी येतील. तुझं मशीन पुढं ने."

तिचं बरोबर होतं की नव्हतं, ते जाऊ दे. पण बांधणीला खरी वेळ लागतच नव्हती, सगळ्या फायलींची एकच लागत होती. मी मेनूतली उत्तरं पहिल्यासारखी केली, कॉम्प्युटर भिंतीवरच्या घड्याळाला जुळवला, जुना पसारा पुसला आणि पहिल्यापासून लावलं. मोबाइल खिशात घातला. लाइट तेव्हा गेलेली होती, सगळं जनरेटरवर चाललं होतं.

"आता मध्ये बंद नको पडायला," मी म्हटलं. "लाइट आली तरी."

खालानं ऑपरेटरला हाक मारली. "आज लाइट आली तरी जनरेटर चालू राहणार. मी सांगेपर्यंत."

"खाला, डिझेल…"

"डिझेल कोणाचं रे? तुझ्या बापाचं?"

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी परत गेलो नाही. शेठची अट मोडली, आणि त्याची खंत मला तेव्हाही वाटली नाही. लाइट आली, बंदरावरचे सगळे जनरेटर गप्प झाले, आणि खालाचा एकटाच भकभकत राहिला. शेजारच्या कारखान्याचा मालक विचारायला आला, काय बिघडलंय? खाला म्हणाली, "बिघडलं नाय, बांधतोय." अर्धाकच्चा कंपायलर झाला. लायब्ररी झाली. पुरा कंपायलर सुरू झाला आणि मी खुर्चीच्या कडेला बसून नखं खाल्ली. खालाच्या घड्याळात मगरीबची, संध्याकाळच्या नमाजाची, वेळ केव्हाच टळली होती, बाहेर मशिदीत अजान आत्ता होत होती, तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ आली, एकही चूक नाही, आणि खाली नुसता कर्सर.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिथंच कंपाइल करून खालाच्या पेटीत घातला. तापमानाचा हिशेब आला आणि गेला, कोसळलं काही नाही. पेटी आठवडाभर न गोठता चालली. पेट्या गोळा करायला शेठ आले तेव्हा खालानं टाकीतून पेटीचा तापमान मोजणारा सेन्सर बाहेर ओढला, पदरानं पुसला आणि शेठच्या हातात दिला. "धरा." शेठ धरून उभे. हाताच्या उबेनं सेन्सर तापला. खालाच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. तिनं मेसेज शेठना दाखवला.

शेठनी सेन्सर खालाला परत दिला आणि मला म्हणाले, "बाकीच्या तीन पेट्यांचं कधी करतोस?"

"तो करेल," खाला म्हणाली. "पण त्याला घरी पाठवायची भाषा पुन्हा माझ्यासमोर काढायची नाय, शेठ. हा माझा कॉम्प्युटरवाला हाय."

मी गेलो नाही घरी. दादाला फोन करून सांगितलं, ती जागा दुसऱ्याला दे. आजही याच कामावर पोट भरतं, आणि आजही नवीन माणूस भेटला की तो आधी माझं शिक्षण विचारतो. विचारू दे. मी नववी नापास सांगतो आणि पुढं काही सांगत नाही.

खाला आता पूर्णगडला माहेरच्या घरी असते. कारखाना दिला तिनं दुसऱ्यांना. त्या दिवशी किती डिझेल जळलं ते तिनं कधी सांगितलं नाही. दोनदा विचारलं तर दोन्हीदा "चल, जेव" म्हणाली. पण नुसतं डिझेल नव्हतं ते. सगळ्या बंदराचे जनरेटर बंद असताना तिनं माझ्यासाठी आपला एक चालू ठेवला होता. खाला, ते मी एक दिवस फेडणार आहे. कसं, ते अजून कळलेलं नाही. तू नको म्हणशील, शिव्या घालशील. घाल. मी फेडणार.