उद्या शाळेत देवी हाय

उमरठच्या अंगाला डोंगरात जी शाळा आहे, तिथे सोनबा शिपाई. घंटा त्याची, किल्ल्या त्याच्या, आणि सुईला भिणारी पोरं धरून ठेवायचं कामही त्याचंच. त्याच्या दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीचा रुपयाएवढा वण आहे. बाही सारून तो पोरांना असा दाखवी, की वाटावं गडी लढाईवरून परत आलाय.

यंदा दहावीच्या पोरांना धनुर्वात आणि घटसर्पाची लस द्यायची होती. तेवढ्यात मोबाइलवर कुणीतरी पुडी सोडली, की लस घेतलेल्या पोरीला पुढे मूल होत नाही. ती पुडी मुंबईहून थेट सोनबाच्याच घरात पडली. मुलगा दीपकने फोनवर बजावलं, दहावीतल्या आपल्या लेकीला, वैशालीला टोचू द्यायचं नाही. मग काय, सोनबाची बायको बनुबाई नातीपुढे भिंतीसारखी उभी राहिली. सोनबाला मात्र मैना आठवत राहिली. त्याची धाकटी बहीण, घटसर्पाने गळा धरला आणि चार दिवसांत गेली. वैशालीला लस मिळायलाच हवी, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. पण बायकोपुढे हे बोलायची छाती कुणाची?

हेडमास्तरांनी त्याला वाडीत निरोप द्यायला धाडलं. त्याच्या पिढीला सुई कुठलीही असो, नाव एकच, देवी. घरोघर तो सांगत गेला, "उद्या शाळेत देवी हाय. पोरींना घेऊन या गो."

दुसऱ्या दिवशी देवीची ओटी भरायला बायकांची रीघ लागली. खण, नारळ, तांदूळ, सगळा थाट. पुढे बनुबाई, सोबत वेणीत अबोली माळलेली वैशाली. बघतात तर टेबलामागे सुई घेऊन निशिगंधा सिस्टर.

"ही तुमची देवी?" बनुबाईने विचारलं. सोनबा घंटेकडे बघायला लागला.

सिस्टर कमरेवर हात ठेवून उठली आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या पोटावर गेल्या. सातवा महिना. तुम्ही घेतली का ही लस, असं कुणीतरी विचारलंच. सिस्टर हसली. दहावीत असताना घेतली होती, आणि आता बाळ पोटात असतानाही घेतली, म्हणाली. गरोदर बाईला ती देतातच.

आणलेली ओटी परत नेत नाहीत, आणि समोर तर भरल्या दिवसांकडे निघालेली पोटुशी. बनुबाईने तिला कुंकू लावलं. सिस्टरला पदर नव्हता, तिने ओढणी पसरली. ओटी भरून झाल्यावर बनुबाईने वैशालीला पुढे ढकललं, आणि मागून बाकीच्यांनी आपापल्या पोरी.

संध्याकाळी दीपक फोनवर भडकला, कुणाला विचारून टोचलंत म्हणून. सोनबाने त्याला पहिल्यांदाच मध्ये तोडलं. "अरे, तुलाबी याच शाळेत टोचलेली. मीच धरलेला तुला. झाली ना पोर?"

मग दीपकने हळूच विचारलं, ती रडली का.

"ती नाय रडली," सोनबा म्हणाला. "तूच रडलेलास."