दारात काढलेल्या चपला

नातीचा सिनेमा युरोपातल्या एका चौकाचा होता. हाताने काढलेली चित्रं, एकही शब्द नाही. पुतळा बसवतात, पाडतात. पावाच्या रांगेत उभी असलेली माणसंच पुढे शेजाऱ्याच्या मागे काठ्या घेऊन धावतात. तो शेजारी एक दार ठोठावतो. आतला उघडत नाही.

चित्रं काढण्याआधी ती हालचाल कुणाकडून तरी करून घेते आणि मोबाइलवर टिपते. म्हणाली, "आबा, तुम्ही पळत या अन् दार वाजवा."

मी शाळेत इतिहास शिकवायचो. तिकडची युद्धं 'कारणे व परिणाम' अशी फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतली. उस्मानपुऱ्यातल्या आमच्याच दारासमोर मी धापा टाकत आलो, चपला काढल्या आणि कडी वाजवली.

ती हसत सुटली. "मागं लोक जीव घ्यायला लागलेत अन् तुम्ही चपला काढताय? असं कोण करतं?"

"करतं. मी पाहिलंय."

कुठून पाहिलं, तेही मग सांगावं लागलं. याच दाराच्या फटीतून. शहरात दंगल पेटली त्या दुपारी मागच्या गल्लीतला माझा दोस्त पळत आला. शिंपी होता. मागे आरोळ्या, तरी सवयीने त्याने चपला काढून, नीट जोडून ठेवल्या आणि कडी वाजवली. मला हाक मारली. मी आत उभा, कडी काढली नाही. तो अनवाणी पळाला, फुटक्या काचांवरून. त्या पायाने त्याला पुढे शिलाई मशीन नीट चालवता आली नाही.

गल्ली शांत झाल्यावर मी त्या चपला हाताला लागलेल्या पिशवीत कोंबून नाल्यात टाकल्या. सगळ्यांना सांगितलं, मी गावी, पिशोरला होतो. त्याने मानलं. तशाच पायाने मरेपर्यंत माझ्या पँटी तोच शिवायचा.

नातीने माझी समजूत काढली नाही. "सिनेमात हेच घेते," म्हणाली. "त्यांच्या बायकोला बघायला बोलावणार आहे. त्याआधी तुम्ही सांगा."

मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

कॉलेजच्या सभागृहात भाभी माझ्या शेजारी बसल्या. पडद्यावर जमाव जवळ येत होता आणि तो माणूस दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. मागे कोणीतरी हसलं. भाभी हसल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "भाभी, मला सांगायचं होतं..."

"नव्या होत्या चपला. दुसऱ्या दिवशी मी शोधायला आले, तर नाल्यात दिसल्या. पिशवीसकट. उरलेल्या कापडाची ती पिशवी ह्यांनीच शिवून दिली होती ना तुम्हाला?"

"मग तुम्ही त्याला का नाही सांगितलं?"

"त्यांना दोस्त एकच होता. तो बी काढून घेऊ?" त्यांनी पदर सारखा केला. "ते गेल्यावर वाट बघितली तुमची. दर ईदला तुम्ही आले, शीरखुर्मा खाल्ला, गेले. आज बी पोरीनं सांगितलं, पडद्यावर. तुम्ही नाय."

"रिक्षा आणतो, भाभी."

"नको. घरी जा, भाईसाब. आतून कडी लावून घ्या."