गुहेच्या तोंडाशी विचारलेला प्रश्न

दीपकनं मला फसवलं. दीपक म्हणजे माझा मित्र, चित्रकलेचा मास्तर. त्याला जाऊन काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल आधी चांगलं लिहावं म्हणतात, पण माझ्याच्यानं वेगळं पहिलं वाक्य लिहवलं नाही. कोडोलीहून सायकलवर नळाचे पाइप लादून विकायला येणारा मी, आज कोल्हापुरात माझं स्वतःचं दुकान आहे. घासाघीस केल्याशिवाय मी मेथीची पेंडीसुद्धा घेत नाही. व्यापारात भल्याभल्यांना जमलं नाही ते या मऊ बोलणाऱ्या माणसानं माझ्याच माळ्यावर, माझाच चहा पीत केलं.

दर रविवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर आम्ही चौघं जमायचो. खेळ साधा. दीपक गोष्ट सांगणार, समोर दरी आहे की दार आहे ते सांगणार; आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलणार; जमलं की फसलं ते फासा ठरवणार. चाळिशी उलटलेली माणसं फासे घेऊन बसतात म्हणून माझी बायको हसायची. दीपक म्हणायचा, अनोळखी जागेत माणूस पाऊल कसं टाकतो त्यावरून तो कळतो. डेअरीत नोकरी करणारा नंदू दार दिसलं की उघडायचा. भूगोल शिकवणाऱ्या प्राजक्ताबाई काठीनं जमीन ठोकल्याशिवाय पुढं सरकायच्या नाहीत. मी व्यापारी व्हायचो आणि बोलता येणाऱ्या प्रत्येक जिवाशी सौदा करायचो. एकदा एका राक्षसाला पटवून मी त्याच्याच गुहेत बिनभाड्यानं राहिलो होतो. "मर्दा, यम न्यायला आला तर त्याच्या रेड्याचाबी भाव करशील तू," असं नंदू म्हणाला आणि दीपक खोकत खोकत हसला... तो खोकला आम्ही सगळे ऐकत होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यानं आम्हाला मलकापूरच्या पुढं, घाटातल्या एका गुहेपाशी आणलं. गोष्टीत, अर्थात. माझ्या व्यापाऱ्याला साप चावलेला. विष सावकाश चढणारं. उतारा गुहेच्या आत आणि गुहेच्या तोंडाशी एक म्हातारी बसलेली. तिच्या आवाजात दीपक म्हणाला, "आत गेलेल्यातलं निम्मं परत येत न्हाईत. भाईर ऱ्हायलास तर इख कवातरी गाठंल, पर औंदाचा पावसाळा बघशील. काय करतोस, पावणं?"

प्राजक्ताबाई म्हणाल्या, आधी आतली वाट विचारून घ्या. नंदू म्हणाला, "शिरू की! बसून काय व्हतंय?"

मी म्हणालो, "थांबायचं. पहिला भाव कधी घ्यायचा नसतो. म्हातारी खाली येती बघ."

एरवी दीपक लगेच फासा उचलायचा. त्या दिवशी त्यानं तो मुठीत धरला आणि माझ्याकडं बघत राहिला. "नक्की? तुझा जीव हाय हं."

"व्हय, माझाच हाय. थांबतो म्हटलं की."

"बरं," म्हणाला, आणि फासा न टाकताच खेळ आवरला.

पावसाळ्याआधीच तो गेला. सकाळी दुकान उघडत असताना नंदूचा फोन आला. शटर अर्ध्यावर सोडून मी धावलो. तेव्हा नुसतं रडू आलं. भीती आली ती पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे त्याला श्रद्धांजली वाहायला जमले तेव्हा. माणसं पांगल्यावर संघमित्रावहिनी, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन बसल्या. "भाऊजी, तुम्हाला दोष देत न्हाई मी," म्हणाल्या. "फुप्फुसाजवळ गाठ हुती. डॉक्टर म्हणले, आपरेशन जोखमीचं हाय, पर करा. ह्यांचा जीव वरखाली व्हायला. एका रविवारी तुमच्याकडनं आले आन् म्हणले, ठरलं, थांबतोय, आमच्या व्यापाऱ्यानं सांगितलंय. मला वाटलं, तुमास्नी सगळं म्हाईत हाय."



तेव्हापासून मला प्रश्नांची भीती वाटते. गिऱ्हाईक विचारतं, "ह्यो पाइप टाकू का त्यो?" आणि मी हातातला पाइप खाली ठेवतो. हा माणूस मला खरंच पाइपाचं विचारतोय ना, हे मी त्याच्या तोंडाकडं बघून ताडत बसतो. बायको म्हणते, डॉक्टरनं सांगूनही त्यानं ऐकलं नाही, त्यात तुझं काय? नंदू म्हणतो, खेळात बोललेलं खेळात राहतं. राहिलं कुठं?

मेलेल्या माणसाला जाब विचारू नये म्हणतात. मी विचारणार. दीपक, तू ओळखून होतास मला. सौदा दिसला की मी थांबणार, ताणणार, हे तुला माझ्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. मग नंदूला साप का चावला नाही? त्यानं तुला त्याच दिवशी आत ढकललं असतं. तुला थांबायचंच होतं आणि ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, असं असेल तर तसं सांग. की खरंच माझा सल्ला हवा होता? मग गाठ दाखवून विचारायचं होतंस. मी तुला पाठीवर टाकून पुण्याला नेलं असतं, डॉक्टरांशी भांडलो असतो, असं मी चारचौघांत सांगत फिरतो... पण एकटा असलो की वाटतं, गाठ बघूनसुद्धा मी थांब म्हणालो असतो तर? हे आता मला कोण सांगणार? तूच सांगायला पाहिजेस. बोल.