राखेतला पत्रा आणि एक बादली पाणी

माझ्या हाताला चैन म्हणून कधी नव्हती. एकोणीसशे साठच्या आसपास मी नेरला कापसातून सरकी काढायच्या एका जिनात फिटर होतो, आणि थोरला भाऊ तिथंच बॉयलरवर फायरमन. दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभा. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बॉयलरच्या पत्र्याला फुगा आला, तोही बरोबर दादाच्या छातीसमोर. तेवढा भाग कापून नवा पत्रा रिव्हेट ठोकून बसवायचं ठरलं.

मालकानं यवतमाळहून एक म्हातारे मिस्त्री बोलावले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी दोन पत्रे काढून ठेवले होते. एक ठोकला की खणखण वाजायचा. मला तोच पसंत. चाचांनी दोन्हींची एकेक पट्टी कापली आणि न तापवताच घणानं वाकवली. माझी कडकन तुटली. दुसरी मुकाट दुमडली.

"बॉयलर तापलं का फुगते, निवलं का आकसते," चाचा म्हणाले. "त्याले नरम लोखंड पाह्यजे. तुह्यासारखं कडक नाही, ते फाटते."

दादा हसला. मला राग आला, खोटं कायले सांगू.

दुसऱ्या दिवशी तो नरम पत्रा लाल करून गोलाईत वाकवला, त्याच्याच उरलेल्या पट्टीसकट बॉयलरच्याच राखेत पुरला. सावकाश निवला तरच नरम राहतो. उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावून चाचा जेवायला गेले.

आता जिनातली सवय सांगतो. कापसाजवळ विस्तव दिसला की आधी पाणी, मग विचार. भरलेल्या बादल्या जागोजागी असायच्या. कळंबकडच्या कापसाच्या बैलबंड्या आवारात शिरत होत्या. वाऱ्यानं राख उडाली, पत्र्याचा कोपरा आणि पट्टी लालभडक उघडी पडली. माझा हात बादलीवर गेला. चर्र करून वाफ उठली, तेव्हा कळलं आपण काय करून बसलो. घाईनं राख ओढली आणि गप्प बसलो.

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. बसलो तर उठावंसं वाटे, उठलो तर कुठं जावं कळेना. तोवर पत्रा बसलासुद्धा.

"काहून रे, पायाले भिंगरी लागली काय?" दादा भट्टीचं दार पुसता पुसता म्हणाला. "पत्रा बेस बसला. आता बिनघोर."

बिनघोर म्हणाला आणि माझा धीर सुटला. "दादा, मी त्याच्यावर पाणी टाकलं."

दादानं मला तसंच चाचांपुढं उभं केलं. चाचांनी ती पाणी प्यायलेली पट्टी आणली, घण माझ्याच हाती दिला. तिसऱ्या घावाला ती चिरली. आधी मुकाट दुमडली होती, तेच लोखंड.

सगळे रिव्हेट उडवले. पत्रा पुन्हा तापवला, आणि तो निवेपर्यंत चाचा राखेजवळ खाट टाकून बसले. जिन आठ दिवस उशिरा सुरू झालं. मालकाच्या शिव्या दादानं ऐकल्या, माझं नाव घेतलं नाही.

बॉयलरमध्ये वाफ धरायच्या दिवशी पहिलं लाकूड टाकण्याआधी दादा माझ्याकडे वळला.

"काही सांगाचं राह्यलं काय?"

"नाही."

त्यानं लाकूड आत सारलं. पुढं दर हंगामाच्या पहिल्या दिवशी तो हेच विचारायचा, हसत विचारायचा. मला एकदाही हसता आलं नाही.