गोठवलेलं नाव

व्हर्ना हचिन्सचा फ्रिज ऐन जुलैत बंद पडला. इन्सुलिनच्या कुप्या तिनं बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि मुलाला म्हणाली, "क्लेटन, ट्रक काढ. दुकानात जायचंय."

दुकानात विक्रीला पामेला होती, तिच्याच चर्चमधली. फ्रिजची किंमत वाचून व्हर्नाचा चेहरा उतरला, तशी पामेला म्हणाली, "अगं, आमच्या दुकानाचं कार्ड घे ना. वर्षभर बिनव्याजी हप्ते."

"मी माझं क्रेडिट गोठवलंय. माझ्या नावावर कुणालाच नवं कार्ड मिळत नाही. मलाही नाही."

"मग एक दिवस उघड. फोनवरून होतं. माझ्या नणंदेनं तेच केलं."

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी व्हर्नाच्या नावावर कार्डं काढून तिला पार धुऊन नेलं होतं; तेव्हापासून तिनं क्रेडिट गोठवलं होतं. इंटरनेटवरचा कुणी भामटा असेल, असं तिनं चर्चमध्ये सांगितलं; सगळ्यांनी हळहळून तिच्यासाठी प्रार्थनाही केली. तो भामटा आत्ता तिच्याशेजारी उभा राहून फ्रिजची दारं उघडून बघत होता. पोलिसांत जायला तिचं मन धजलं नव्हतं. तो रडला होता, नशा सोडली होती, तिच्याच घरी राहत होता. तिची जन्मतारीख, सरकारी ओळख नंबर, कार्ड काढायला लागतं ते सगळं त्याला तोंडपाठ होतं.

"उघड ना, आई," क्लेटन म्हणाला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तो हे तिच्या काळजीनं म्हणतोय की आणखी कशानं, ते तिला कळेना. पोटच्या पोराबद्दल हे कळू नये, याचीच तिला लाज वाटली. पामेला उत्तराची वाट बघत होती.

"नको. मला ती कार्डं आवडतच नाहीत."

"अगं पण..."

"नको म्हटलं ना, पामेला."

ट्रकमध्ये बसल्यावर क्लेटननं किल्ली फिरवली नाही.

"माझ्यामुळे ना?"

"हो."

"मी आता तसा राहिलो नाही, आई."

"नसशीलही. पण ते तपासून बघायची माझ्यात ताकद नाही रे."

त्यानं किल्ली फिरवली. वाटेत पेट्रोल पंपावर उतरून त्यानं बर्फाच्या पिशव्या आणल्या.

पुढे पानगळ सुरू झाली तेव्हा कुणाचा तरी जुना फ्रिज स्वस्तात मिळाला. तोवर क्लेटन रोज बर्फ आणत राहिला. नावावरचं टाळं मात्र व्हर्नानं काढलं नाही, आणि त्यानंही पुन्हा कधी विषय काढला नाही.