कवनातल्या नावाची दाद

अर्जदार : मी, वय चाळिशीपुढे, धंदा अर्ज लिहिणे, राहणार जामखेड. सामनेवाला : नगरकडचा एक फिरता गवई. साक्षीदार : पहिला, बांगड्या भरणारा कासार, दुसऱ्या, मिशनच्या शाळेतील बाई. घटनेचा काळ : लढाईची वर्षे, जत्रेचा दिवस. नावे गाळली आहेत, कारण ज्यांच्यासाठी हे लिहितो त्या कवींनीच बजावले, "माझं नाव कवनाच्या शेवटच्या ओळीत आहे. ते तिथं राहिलं तरी पुष्कळ."

हे कवी म्हणजे गावातलेच ख्रिस्ती मास्तर. त्यांच्या प्रेमगीतांचे आम्ही तिघे चाहते. बाजारच्या दिवशी कचेरीबाहेर माझ्या सतरंजीवर आमची बैठक भरे. कासाराला विरहाची कडवी प्रिय, बाईंना त्यांतले जुन्या कथांचे दाखले. पोथीतला निरोप्या हंस आणि चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या शास्त्रातला, मुलगी मिळावी म्हणून तिच्या बापाकडे सात वर्षे राबणारा मेंढपाळ यांना एकाच कवनात शेजारी बसवणारा कवी आमच्या तालुक्याखेरीज कोठे असेल, असे मला आजही वाटत नाही.

जत्रेत गवई नेमके तेच कवन गायला आणि शेवटच्या ओळीत त्याने स्वतःचे नाव घातले.

"रावसाहेब, हे तर आपल्या मास्तरांचं गानं हाय!" कासार माझ्यावरच ओरडला. "आन् तुमी पागोटं सावरत बसलाय व्हय?"

मी उभा राहिलो. कवन आपले म्हणवणाऱ्याने त्यातला दाखला भर सभेत उलगडावा, असा आमच्याकडे रिवाज आहे. मी विचारले, "शाहीर, मेंढपाळ सात वर्षे राबला. मग पुढच्या कडव्यात तो पुन्हा सात वर्षे का राबतो?"

"प्रेम लई हुतं त्येचं, म्हनून."

"मंग चौदाच सांगायची की एकदम!" कासार म्हणाला. सभा खदखदून हसली.

तेव्हा बाई म्हणाल्या, "सासऱ्यानं पदराआडून थोरली गळ्यात बांधली. धाकटीसाठी त्याला पुन्हा राबावं लागलं."

गवयाने निमूटपणे शेवटची ओळ पुन्हा म्हटली, मास्तरांच्या नावासकट. मास्तर मागे मान खाली घालून उभे होते. माझ्या कोणत्याही अर्जाचा निकाल इतक्या लवकर लागलेला नाही, आणि इतका गोडही नाही.

तथापि तो गवई राहुरीकडे पुन्हा स्वतःचेच नाव घालतो, असे कानी आले आहे. सबब वाचकांस विनंती की, ते कवन जेथे ऐकाल तेथे त्यास भर सभेत अडवावे. मेंढपाळाचे उत्तर त्याने एव्हाना पाठ केले असेल, हंसाचे विचारावे. तो काय म्हणाला ते मला लेखी कळवून न्याय द्यावा.